तीस दिवसांची नोटीस, आणि काम शून्य दिवसांचं

या वेळच्या पत्रांत पगारदार कमी आणि 'कन्सल्टंट' जास्त आहेत. लॉकडाऊनमध्ये पुण्या-बेंगळुरूच्या खोल्या सोडून सोलापूरला आलेली बरीच मुलं इथंच राहिली, भाडं वाचतं, घरची कडक भाकरी मिळते, आणि काम काय लॅपटॉपवर कुठूनही होतं. फक्त या सगळ्यात कित्येकांची नोकरी कधी कॉन्ट्रॅक्ट झाली ते त्यांचं त्यांनाही नीट सांगता येत नाही. पत्रं थोडी छाटली आहेत, कंपन्यांची नावं काढली आहेत.

प्रश्न : सर, मी टेस्टिंगचं काम करतो. कंपनी पुण्यातली, पण माझं कॉन्ट्रॅक्ट मधल्या व्हेंडरबरोबर आहे. दिवसाला साडेचार हजार, टाइमशीट अप्रूव्ह झाली की बिल टाकायचं. सहा-सहा महिन्यांनी रिन्यू होत तीन वर्षं झाली. करारात दोन्ही बाजूंनी ३० दिवसांची नोटीस आहे. मागच्या शुक्रवारी संध्याकाळी मेल आला की प्रोजेक्ट बंद, आजपासून नोटीस सुरू समजा, आणि सोमवारी सकाळी बघतो तर लॉगिनच बंद. व्हेंडर म्हणतो टाइमशीट नाही तर पैसे नाहीत. मग ती नोटीस कसली हो? त्या महिन्याचे पैसे मागता येतील का? शिवाय आधीच्या दोन महिन्यांची बिलंपण अडकलीत, काय करायचं सांगा की. (जुळे सोलापूर)

उत्तर : भाऊ, असं पत्र दर दोन-तीन महिन्यांनी येतं, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

नोकरीत नोटीस म्हणजे पगार. तुम्हाला खुर्चीवर बसवलं काय किंवा घरी बसवलं काय, त्या महिन्याचा पगार चालू. आणि आपण सगळे आधी नोकरीच करून आलेलो असतो म्हणून कॉन्ट्रॅक्टमधली नोटीसही तशीच असणार असं मनात धरून सही करतो. डे रेटच्या करारात तसं नसतं. तिथं नोटीस एवढंच सांगते की करार अमुक तारखेपर्यंत जिवंत आहे. त्या तारखेपर्यंत तुम्हाला काम द्यायला समोरचा बांधील आहे का, हे करारात दुसऱ्याच कुठल्या तरी कलमात लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा पैशांच्या कलमात, आणि ते कलम कुणी वाचत नाही कारण रेट बरोबर लिहिलाय एवढं बघून आपण पान उलटतो.

तर करार काढा आणि चार गोष्टी शोधा. कमीत कमी किती दिवसांचं बिलिंग धरलंय असं कुठं आहे का? पैसे 'फक्त अप्रूव्ह झालेल्या टाइमशीटवर' असं आहे का? 'कामाच्या प्रमाणाची हमी नाही' अशा अर्थाचं वाक्य आहे का? आणि करार चालू असताना दुसरीकडे काम करायचं नाही अशी अट आहे का? पहिली गोष्ट सापडली तर तुमची बाजू भक्कम. दुसरी आणि तिसरी दोन्ही सापडल्या तर खरं सांगतो, पैसे निघणं अवघड आहे, कारण व्हेंडर म्हणणार की आम्ही करार मोडलाच नाही, ३० दिवस तो चालूच आहे, फक्त क्लायंटकडून काम आलं नाही. चौथी अट सापडली तर मात्र भांडायला जागा आहे. काम देणार नाही आणि दुसरीकडे करूही देणार नाही, हे दोन्ही एकदम कसं चालेल?

आणि यातलं काहीच स्पष्ट नसेल, नुसतं 'दोन्ही बाजूंनी ३० दिवसांची लेखी नोटीस' एवढंच असेल, तर तीन वर्षं प्रत्यक्षात काय चालत आलं ते बघतात. काम नसलेल्या दिवसांचेही पैसे तुम्हाला कधी मिळालेत का, सर्व्हर डाउन होता, क्लायंटकडे सुट्टी होती, असे दिवस टाइमशीटमध्ये भरून पास झालेत का? जुन्या टाइमशीट काढून तपासा, हे फार उपयोगी पडतं.

आता रक्कम. करार मोडल्यावर भरपाई मिळते ती १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे, म्हणजे करार मोडल्यामुळे सरळसरळ जे नुकसान झालं तेवढी. तुमच्या महिन्यात कामाचे दिवस २२ धरले तर ९९ हजार होतात. पण त्याच महिन्यात तुम्हाला दुसरीकडे दहा दिवसांचं काम मिळालं तर ते वजा करून बघतात, कारण नुकसान कमी करायला तुम्ही काय केलं हेसुद्धा तेच कलम विचारतं. म्हणून घाबरून काम शोधायचं थांबवू नका, ९९ हजाराच्या वादासाठी महिनाभर रिकामं बसणं परवडत नाही.

आजच्या आज एक करा, व्हेंडरला मेल टाका, त्यात ना राग ना विनंती. 'तुमच्या अमुक तारखेच्या मेलप्रमाणे करार अमुक तारखेपर्यंत चालू आहे. या काळात मी रोज सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा कामासाठी उपलब्ध आहे. सोमवारपासून माझा अ‍ॅक्सेस बंद आहे, तो सुरू करावा किंवा दुसरं काम द्यावं.' एवढंच. दर आठवड्याला हाच मेल पुन्हा. टाइमशीटचं पोर्टल उघडत असेल तर तिथंही 'उपलब्ध, काम दिलं नाही' म्हणून भरा, रिजेक्ट केली तर स्क्रीनशॉट ठेवा. फोनवर व्हेंडरचा माणूस 'बघतो, होऊन जाईल' म्हणेल, तसं म्हणणं हेच त्याचं काम आहे. फोन झाला की त्यात काय बोलणं झालं ते दोन ओळीत त्यालाच मेल करा.

अडकलेल्या दोन महिन्यांच्या बिलांची गोष्ट पूर्ण वेगळी आहे, ती यात मिसळू देऊ नका. ते काम झालेलं आहे, टाइमशीट पास आहेत, ते येणं आहे. व्हेंडर बहुतेक सांगेल की आधी नोटिशीचं मिटवू, मग सगळं एकदम देतो. नाही म्हणायचं. तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारी नोंदणी, आहे का? फुकट आहे, घरबसल्या आधारवर होतं, २०२० च्या जुलैपासून चालू आहे, आणि तरीही दहातल्या आठ जणांचं नसतं असा माझा अंदाज. काम सुरू व्हायच्या आधीपासून ते असेल तर २००६ चा एमएसएमई कायदा तुमच्या बाजूनं उभा राहतो. करारात काहीही लिहिलेलं असो, ४५ दिवसांच्या पुढं पेमेंट नेता येत नाही. नेलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. तक्रार 'सुविधा परिषदे'कडे, म्हणजे अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, ऑनलाइन करता येते आणि तुम्ही जिथं आहात तिथल्या परिषदेला अधिकार आहे, मग खरेदीदार भारतात कुठलाही असो. व्हेंडर बेंगळुरूचा असला तरी तुम्हाला त्यासाठी बेंगळुरू गाठायला नको. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून असंही आहे की सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही आणि मार्चअखेरही थकलेलंच राहिलं तर तो खर्च कंपनीला त्या वर्षीच्या करपात्र उत्पन्नातून वजा मिळत नाही, त्यामुळे मार्च जवळ आला की त्यांचा अकाउंटंटच तुम्हाला फोन करतो. बिलावर उद्यम नंबर ठळक छापा, अर्धी कामं तेवढ्यानंच होतात.

पुढच्या करारात एक वाक्य घालून घ्या: 'नोटीस काळात कामाचे दिवस महिन्याला किमान अमुक धरले जातील, काम दिलं नाही तरी तेवढ्याचं बिल देय राहील.' २२ म्हणून सुरुवात करा, १५ वर मिटेल. अजिबात ऐकत नसतील तर रेट वाढवून मागा.

प्रश्न : मी एका कंपनीसाठी सव्वापाच वर्षं काम करतेय, हुद्दा 'कन्सल्टंट'. लॅपटॉप त्यांचा, रोज दहाला स्टँडअप कॉल, रजा मॅनेजरकडून मंजूर करून घ्यावी लागते, दुसरीकडे काम करायला बंदी. दर अकरा महिन्यांनी करार संपवतात, पंधरा दिवस थांबवतात आणि नवा करतात. दहा टक्के टीडीएस कापतात, पीएफ नाही. आता मी सोडतेय तर ग्रॅच्युइटीचं विचारलं, एचआर हसली. म्हणाली तुम्ही एम्प्लॉयीच नाही आणि सलग सर्व्हिसही नाही. खरं आहे का? (विजापूर रोड)

उत्तर : ताई, एचआरला हसू द्या. करारावर 'कन्सल्टंट' लिहिलं म्हणून माणूस कन्सल्टंट होत नाही, कोर्ट पाटी बघत नाही, आत काय चाललंय ते बघतं. आणि हे समजून घ्यायला आपल्याला सोलापूरच्या बाहेर जायची गरजच नाही.

आपल्याकडे घरोघरी विड्या वळल्या जातात. शहराच्या पूर्वभागातली बाई सकाळी कारखान्यातून पानं-तंबाखू आणते, घरी बसून स्वतःच्या वेळेनं वळते, सुपरवायझर समोर नाही, हजेरी नाही, घरातलं दुसरं कुणी मदतीला बसलं तरी चालतं. संध्याकाळी माल नेऊन दिला की तपासणारा चांगल्या विड्या घेतो आणि खराब बाजूला काढतो. मालक म्हणायचे या आमच्या कामगार नाहीत, या स्वतंत्र आहेत. १९६६ च्या विडी कामगार कायद्यानं घरून काम करणाऱ्यांनाही कामगार धरलं, आणि १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टानं पीएफसाठीही त्यांना एम्प्लॉयी मानलं. कारण काय, तर माल नाकारायचा अधिकार मालकाकडे आहे, आणि तेही नियंत्रणच. त्याआधी १९७३ मध्ये शिंप्यांच्या केसमध्येही कोर्टानं असंच काहीसं पाहिलं होतं. शिंपी नगावर पैसे घेणारे, येण्याजाण्याच्या वेळा ठरलेल्या नाहीत, काही जण काम घरी नेणारे, पण मशीन दुकानाचं आणि शिवण पसंत नसली तर उसवून परत शिवायला लावायचा हक्क मालकाचा.

आता तुमचं बघा. मशीन त्यांचं, वेळ त्यांची, रजा त्यांची, दुसरीकडे बंदी. विडीवालीपेक्षा तुमच्यावर नियंत्रण जास्तच आहे हो! कोड रिव्ह्यूला, म्हणजे तपासणीत, तुमचं काम परत पाठवणं म्हणजे दुसरं काय आहे?

सलग सर्व्हिसचं म्हणाल तर तिथंही एचआर घाई करतेय. ग्रॅच्युइटीच्या कायद्यात आजारपण, रजा, ले-ऑफ (काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवणं), आणि कामगाराचा दोष नसताना थांबलेलं काम, यामुळे सर्व्हिस तुटत नाही. ते पंधरा दिवस तुम्ही मागितले नव्हते. आणि समजा ती सलगता नाही धरली तरी वर्षात २४० दिवस काम झालं की ते वर्ष धरतात, जिथं आठवड्याला सहा दिवसांपेक्षा कमी काम चालतं तिथं १९० च दिवस पुरतात. आयटीत पाच दिवसांचा आठवडा, म्हणजे तुमचं वर्ष पंधरा दिवसांच्या गॅपनंतरही आरामात भरतं. पाच वर्षं झाली की हक्क लागतो. हिशोब सोपा, शेवटचं महिन्याचं वेतन भागिले २६ गुणिले १५, गुणिले वर्षं. वेतन ५२ हजार धरलं तर वर्षाला ३० हजार, पाच वर्षांचे दीड लाख. वरचे तीन महिने सोडून द्या, सहा महिन्यांच्या पुढं असते तर सहावं वर्ष धरलं असतं.

नवे लेबर कोड २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेत, त्यात मुदतीच्या करारावर असलेल्या एम्प्लॉयीला पाच वर्षं थांबावं लागत नाही, एक वर्षानंतरच त्या प्रमाणात ग्रॅच्युइटी आहे. पण त्यासाठीही आधी तुम्ही एम्प्लॉयी ठरायला पाहिजे, घोडं तिथंच अडतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे 'आता फ्रीलान्सरलाही एका वर्षात ग्रॅच्युइटी' हे मेसेज त्यामुळे सोडून द्या.

आता दुसरी बाजूही ऐका. तुम्ही पाच वर्षं रिटर्नमध्ये हे उत्पन्न व्यवसायाचं म्हणून दाखवलं असेल, निम्मं उत्पन्न खर्च धरून सुटणाऱ्या योजनेचा फायदा घेतला असेल, जीएसटीची बिलं फाडली असतील, तर कंपनीचा वकील पहिल्यांदा तेच कागद पुढं ठेवणार. तेवढ्यानं केस पडत नाही, पण जड होते. नात्याचं स्वरूप सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर आहे, म्हणून लॅपटॉप परत करायच्या आधी रजामंजुरीचे मेल, कॉलचं कॅलेंडर, अप्रेझलचा फॉर्म असेल तर तो, हे सगळं जमवा. क्लायंटचा डेटा किंवा कोड मात्र चुकूनही स्वतःच्या मेलवर घेऊ नका, नाहीतर तक्रार तुम्ही करायला जाल आणि केस तुमच्यावर होईल. आधी कंपनीला लेखी अर्ज, मग ग्रॅच्युइटीच्या अधिकाऱ्याकडे. दीड लाखासाठी एवढं करायचं का हा तुमचा निर्णय, मी असतो तर अर्ज तरी नक्की टाकला असता. अर्ज आल्यावर लीगलवाले हसत नाहीत.

एक गोष्ट इतर वाचकांसाठी. थर्ड पार्टी पेरोलवर असाल, म्हणजे महिन्याला पगाराची स्लिप आहे, पीएफ कापतात, तर तुम्ही फ्रीलान्सर नाहीच. तुम्ही त्या व्हेंडरचे एम्प्लॉयी आहात आणि क्लायंट बदलला तरी व्हेंडरकडची सर्व्हिस चालूच राहते. अशा मुलांना 'प्रोजेक्ट संपला, राजीनामा टाका' असं सांगतात आणि ती टाकतात! राजीनामा स्वतःहून कशाला द्यायचा, त्यांना काढायचं असेल तर त्यांनी काढावं, लेखी.

प्रश्न : नोकरीला तीन वर्षं आठ महिने झालेत, आता सोडून फ्रीलान्सिंग करायचंय. पीएफ काढून घेऊ का? मित्र म्हणतो गॅप पडला की सर्व्हिस शून्यावर येते. शिवाय ९० दिवसांची नोटीस आहे आणि नवा क्लायंट एवढं थांबत नाही. (अक्कलकोट रोड)

उत्तर : मित्राला सांगा, शून्यावर येत नाही. पीएफचं खातं तसंच राहतं, पुढंमागं परत नोकरी लागली की त्याच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या नंबरवर) जोडून ट्रान्स्फर करायचं, मग आधीची तीन वर्षं आठ महिने धरली जातात. पीएफ काढल्यावर कर लागू नये म्हणून पाच वर्षं लागतात, त्यात आधीच्या कंपनीची सर्व्हिस मोजतात, पण ट्रान्स्फर केली असेल तरच. पेन्शनला दहा वर्षं लागतात, तिथंही तुकडे जोडता येतात. मधल्या फ्रीलान्सिंगच्या वर्षांत भरणा नसतो म्हणून ती वर्षं मोजणीत येत नाहीत, एवढंच. आत्ता काढलं तर करही लागेल आणि मोजणीही पहिल्यापासून. लॅपटॉप घ्यायला पीएफ मोडायचा विचार असेल तर तो सोडा, हप्त्यावर घ्या.

९० दिवसांचं म्हणाल तर तुम्हाला जबरदस्तीनं खुर्चीवर बसवायचा हुकूम कोर्ट देत नाही, कंपनी फार तर पैसे मागू शकते. करारात रक्कम लिहिलेली असली तरी करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी तेवढीच, लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा. पण रिलीव्हिंग लेटर अडकतं, आणि पुढच्या कंपन्या ते मागतात. म्हणून बायआउट, म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटता येतं का, ते विचारा, शिल्लक रजा त्यात वळवून घ्या, हँडओव्हरची यादी स्वतःच करून मॅनेजरपुढं ठेवा. मॅनेजरला नोटिशीचे दिवस नको असतात, त्याला फक्त तुमच्यानंतर रात्री अडीचला फोन कुणाला करायचा ते पाहिजे असतं. 'सोडल्यावर एक वर्ष याच क्षेत्रात काम करायचं नाही' ही अट असेल तर तिला घाबरू नका, त्याच कायद्याच्या कलम २७ प्रमाणे नोकरी सुटल्यानंतरची अशी बंदी आपल्याकडे टिकत नाही. गोपनीयतेची अट मात्र टिकते, ती पाळा.

प्रश्न : इंग्लंडमधल्या क्लायंटचं काम थेट करतो, चार वर्षं होतील. करारात मी सोडायचं तर चार आठवड्यांची नोटीस द्यायची आणि त्यांनी मला काढायचं तर एकच आठवड्याची. तिथल्या कायद्यात वर्षाला एक आठवडा नोटीस असते म्हणे, मग मला चार आठवडे मिळायला नकोत का? (होटगी रोड)

उत्तर : कायदा तुम्ही बरोबर ऐकलाय. तिथल्या १९९६ च्या एम्प्लॉयमेंट राइट्स अ‍ॅक्टमध्ये महिनाभर नोकरी झाली की एक आठवडा, दोन वर्षांनंतर दर वर्षाला एक आठवडा, जास्तीत जास्त बारा. पण ते एम्प्लॉयीला. तुम्ही सोलापुरात बसून स्वतःच्या नावानं इनव्हॉइस पाठवणारे, तुम्हाला लागू होतो तो करार. 'आयआर ३५' नावाचं जे ऐकता ती ब्रिटनमधली कराची भानगड आहे, तिच्यात अडकलेल्या तिथल्या कॉन्ट्रॅक्टरलासुद्धा नुसत्या तेवढ्यानं नोकरीचे हक्क मिळत नाहीत. चार विरुद्ध एक ही अट एकतर्फी आहे, बेकायदेशीर नाही. रिन्यूअलला दोन्हीकडे दोन आठवडे मागा. त्याहून जास्त उपयोगी म्हणजे बिल महिन्याऐवजी पंधरा दिवसांनी टाका, म्हणजे एका आठवड्यात सगळं बंद झालं तरी अडकणारी रक्कम निम्मी. तिथं जाऊन दावा लावण्याचा खर्च तुमच्या बिलाहून मोठा होईल, ते डोक्यातून काढा.

प्रश्न : माझी नोटीस जानेवारीत चालू होतेय आणि मधेच गड्डा यात्रा. नंदीध्वजाला घरचे सगळे असतात, मी चार दिवस तरी घेणारच. कंपनी म्हणते सुट्टी घेतली तर नोटीस तेवढी पुढं जाईल. तसं करता येतं का? (बाळीवेस)

उत्तर : घ्या की, सिद्धेश्वरांच्या यात्रेला सोलापुरातच असून लॅपटॉपपुढं बसायचं म्हणजे फारच झालं. करारात '३० दिवस' एवढंच असेल तर ते कॅलेंडरचे दिवस, त्यात रविवार, संक्रांत, यात्रा सगळं आलं. 'कामाचे दिवस' असं लिहिलं असेल किंवा 'नोटीस काळातली रजा भरून द्यावी लागेल' अशी ओळ असेल तरच ती पुढं जाते. डे रेटवर असाल तर त्या चार दिवसांचे पैसे मिळणार नाहीत, ते धरूनच चला. आणि राजीनाम्याच्या मेलमध्ये नुसतं 'तीस दिवसांची नोटीस देत आहे' असं लिहू नका, 'माझा शेवटचा दिवस अमुक तारीख' असं लिहा, आणि यात्रेच्या रजेच्या तारखा त्याच मेलमध्ये टाकून द्या.